मर्लच्या ओळी

सोमवारी सकाळी ते बटण दाबायचं कुणी, या प्रश्नावर डलूथच्या त्या ऑफिसात पाच माणसं अर्धा तास बसली होती आणि पाचही जणं एकमेकांना मोठ्या मनाने पुढे करत होती.

"तूच दाब, लॉर्ना. तुझा हात हलका आहे," वेंडेल म्हणाला.

"छे, छे. तू वयाने मोठा. मान तुझा."

"मला कशाला मान? मी आपला बघायला बसलोय."

"मग बघताबघता दाब."

मिनेसोटात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. नकार द्यायचा तर समोरच्याला आग्रह करायचा, ही तिथली रीत. केकचा शेवटचा तुकडासुद्धा तिथे कुणी उचलत नाही. त्यातला अर्धा कापून घेतात, मग उरलेल्याचा अर्धा, मग त्याचाही अर्धा, आणि संध्याकाळी ताटलीत जो चुरा उरतो तो सफाईवाला झटकून टाकतो. बटणाचा मात्र अर्धा करता येत नव्हता.

बटण दाबून काही आभाळ कोसळणार नव्हतं. उत्तरेकडच्या शे-दीडशे खासगी कॅम्पग्राउंडांची बुकिंगं घेणारी वेबसाइट ही मंडळी चालवत असत. तिची लोकांना पडद्यावर दिसणारी बाजू, म्हणजे पानं, बटणं, तारखांचे चौकोन, यांचा सगळा कोड गेली अकरा वर्षं ज्याच्या-त्याच्या सवयीने लिहिला गेला होता. कुणी ओळ आत सरकवायला दोन स्पेस सोडत असे, कुणी चार. कुणी ओळीच्या शेवटी अर्धविराम देई, कुणाला तो देणं म्हणजे जुनाटपणा वाटे. नवी मॅनेजर ट्रिश बाके हिने यावर एक फॉर्मॅटर आणला होता. एकदा बटण दाबलं की तो सगळा कोड आपोआप एका साच्यात बसवणार होता. अर्थ तोच राहणार, मांडणी तेवढी बदलणार.

इतकी साधी गोष्ट, पण सगळ्यांचे हात अडखळत होते ते मर्लमुळे.

मर्ल ओस्टबी फेब्रुवारीत गेला. वेबसाइटची पहिली ओळ त्याने लिहिली होती आणि ओळी कशा लिहायच्या याचे एकेचाळीस नियमही त्यानेच केले होते. ते छापून, भोकं पाडून, प्रत्येकाच्या टेबलावर त्याने एकेक प्रत ठेवली होती. ओळ चार स्पेस आत. विधान संपलं की अर्धविराम. कोडमध्ये एखाद्या आकड्याला नाव द्यायचं तर ते पूर्ण लिहायचं, अक्षरं वाचवायची नाहीत. फाईल संपली की शेवटी एक मोकळी ओळ. मर्लच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाचं काम पुढे सरकत नसे, आणि एखादी ओळ त्याला खटकली की तो तिच्याशेजारी दोनच शब्द लिहीत असे: 'वेगळंच आहे.' मिनेसोटात याहून जहाल शिवी नाही.

ही शिवी सगळ्यांत जास्त खाल्ली ती लॉर्ना टॉलेफसनने. सहा वर्षांपूर्वी ती आली तीच मुळी दोन स्पेसवाली, बिनअर्धविरामाची. मशीनला चालतं ना, मग झालं, हे तिचं म्हणणं. सहा वर्षं दोघं भांडली. तीही कशी, तर आवाज न चढवता, 'प्लीज' आणि 'थँक्यू' म्हणत. उणे तीस अंशांत लॉर्नाची गाडी सुरू होईनाशी झाली की मर्लच बॅटरीची केबल घेऊन खाली पार्किंगमध्ये यायचा, नाक लाल होईपर्यंत खटपट करून गाडी सुरू करून द्यायचा, आणि वर जाऊन तिच्या कोडवर 'वेगळंच आहे' लिहायचा.

शेवटचं भांडण एका अर्धविरामावरून झालं. लॉर्नाने लिहिलं, 'मशीनला काही फरक पडत नाही.' मर्लने खाली लिहिलं, 'आपण मशीनसाठी लिहीत नाही. उद्या ते वाचायला बसणाऱ्या माणसासाठी लिहितो.' हे तिला पटलं. पटलं म्हणूनच तिने उत्तर दिलं नाही. सहा वर्षांनी एका ओळीत शरण जायचं म्हणजे जरा तयारी लागते. तिने ते सोमवारवर ढकललं. मर्ल शुक्रवारी हृदयाच्या एका लहानशा ऑपरेशनसाठी गेला आणि परत आला नाही.

त्यानंतर आठ महिने त्याच्या नियमांना कुणी हात लावला नाही. ते पाळले मात्र कुणीच नाहीत; अपवाद लॉर्नाचा, जी कुणाचं लक्ष नसेल तेव्हा गुपचूप अर्धविराम देऊ लागली होती.

"मी दाबते," अखेर लॉर्ना म्हणाली. "नाहीतर आपण इथेच जेवायला बसू."

तिने बटण दाबलं. तीन लाख अकरा हजार ओळी चौदा सेकंदांत सारख्या झाल्या. सगळ्यांनी हळूच टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या जागी गेले.

आता, या धंद्यात प्रत्येक ओळीपुढे एक नाव असतं. ओळीला शेवटचा हात कुणी लावला, कोणत्या तारखेला, हे मशीन लिहून ठेवतं. परवा लागलेली पोरगी जन्मायच्या आधीपासून हा धंदा करणाऱ्या वेंडेलपासून त्या पोरीपर्यंत पाचही जणांना हे पाठ होतं. असा सरसकट बदल करायचा तर आधी मशीनला सांगून ठेवावं लागतं की बाबा रे, हा बदल मोजू नकोस. पण बटण तू दाब, तू दाब, या आग्रहात ते पाचही जणांच्या डोक्यातून साफ निघून गेलं.

मंगळवारी सकाळी लॉर्ना जागेवर बसली तेव्हा तिच्या नावावर त्रेसष्ट तक्रारी लागल्या होत्या. तक्रार ज्या ओळीबद्दल असेल त्या ओळीपुढचं नाव बघून मशीन ती वाटतं, आणि आता सगळ्या ओळींपुढे एकच नाव होतं. कॅम्पग्राउंडच्या नकाशात तळं निळ्याऐवजी जांभळं दिसतं. लॉर्ना. कुत्रा आणायचा असेल तर टिचकी दोनदा मारावी लागते. लॉर्ना. ज्या पानाचं तिने तोंडही पाहिलं नव्हतं त्याबद्दल विस्कॉन्सिनच्या एका आजोबांनी लिहिलं होतं, 'अक्षर इतकं बारीक कशासाठी? बाई, तुम्हाला आईवडील नाहीत का?'

साडेदहाला मिनियापोलिसच्या मुख्य ऑफिसातून खुद्द उपाध्यक्षांचा निरोप आला. 'एका दिवसात तीन लाख अकरा हजार ओळी! तुमच्यासारख्यांमुळे कंपनी उभी आहे. पण तब्येतीला जपा.'

लॉर्नाने तो वेंडेलला दाखवला. वेंडेल असल्या गोष्टींवर आठवडाभर हसत बसणारा माणूस. तो हसला नाही.

"बारा वाजले की ये माझ्याकडे," तो म्हणाला. "एक दाखवायचंय."

बाराला ती गेली. वेंडेल आणि मर्ल अकरा वर्षं शेजारी बसून जेवले होते. मर्ल गेल्यापासून वेंडेल जेवणघरात जात नसे. टेबलावरच डबा उघडायचा, पडद्यावर कोणतंही एक पान उघडायचा, आणि ओळींपुढचं 'मर्ल ओस्टबी, मर्ल ओस्टबी, मर्ल ओस्टबी' बघत सँडविच खायचा. हे लॉर्नाला आज पहिल्यांदा कळत होतं.

"हे बघ," वेंडेल म्हणाला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत होतं: लॉर्ना टॉलेफसन, लॉर्ना टॉलेफसन, लॉर्ना टॉलेफसन.

"वेंडेल, मी मुद्दाम नाही रे..."

"मला माहितीये. मीसुद्धा तिथेच बसलो होतो ना, बैलासारखा." त्याने सँडविच परत कागदात गुंडाळलं. "तू छान आहेस गं. पण तुझ्याबरोबर जेवायची मला सवय नाही."

लॉर्नाला वाटलं, जमीन फाटली तर बरं. भांडून भांडून जे सहा वर्षांत जमलं नव्हतं ते तिने चौदा सेकंदांत करून टाकलं होतं. मर्लची एकही ओळ शिल्लक राहिली नव्हती.

तेवढ्यात ट्रिश आली. ट्रिश मर्लला कधी भेटली नव्हती, पण बाई मनाने चांगली. मोठ्या बैठकीच्या खोलीला मर्लचं नाव द्यायचं तिने ठरवलं होतं. शुक्रवारी साडेअकराला समारंभ, मर्लची बायको अर्लिस येणार होती.

"लॉर्ना, एक आकडा दे ना. आजही वापरात असलेल्या ओळींत मर्लच्या किती? पाटीवर कोरायचाय. गुरुवारी दुपारपर्यंत पाटीवाल्याला द्यायचाय."

लॉर्नाने मोजणी लावली. पडद्यावर शून्य आलं.

"किती?" ट्रिशने विचारलं.

"जरा वेळ लागेल," लॉर्ना म्हणाली आणि पडदा आपल्याकडे वळवून घेतला.

बुधवारी तिने बदल उलटा फिरवला. म्हटलं, कोड होता तसा झाला की नावंही होती तशी होतील. कोड झाला. चार स्पेस परत आल्या, अर्धविराम परत आले, मर्लची अख्खी मांडणी जागच्या जागी बसली. फक्त आता मशीनच्या मते ती सगळी मांडणी बुधवारी सकाळी लॉर्नाने केली होती. गेलेल्या माणसाचं नाव गेलं होतंच. आता त्याची राहणीही तिच्या नावावर लागली.

"हे तर जास्तच वाईट झालं," वेंडेल म्हणाला.

"दिसतंय मला."

"म्हणजे आता तू चार स्पेसवाली?"

"वेंडेल, प्लीज."

ट्रिशने जाता जाता विचारलं, कोड पुन्हा जुना का दिसतोय? लॉर्नाने निमूटपणे बटण पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा तीन लाख ओळी. मिनियापोलिसहून उपाध्यक्षांचा दुसरा निरोप आला. त्यात अभिनंदन नव्हतं, कंपनीच्या समुपदेशकाचा फोन नंबर होता.

गुरुवारी सकाळी तिने जे सोमवारी करायला हवं होतं ते करायला घेतलं. न मोजायच्या बदलांची एक यादी असते. त्या यादीत हे तिन्ही बदल घातले की मशीन त्यांच्याकडे काणाडोळा करतं आणि त्यामागचं जुनं नाव दाखवतं. लॉर्नाच्या डोक्यात एव्हाना भुसा भरला होता. यादी उतरवून घेताना तिच्यात गेल्या दहा वर्षांतले भलतेच बदल घुसले, आणि मागे उरला तो पहिल्या वर्षीचा एकटा मर्ल. यादी लावून बघितली तर सगळीकडे मर्लच मर्ल. तीन लाखांच्या तीन लाख ओळी मर्लच्या. हिवाळी शिकाऱ्यांसाठी केबिनांचं नवं पान वेंडेलने ऑगस्टमध्ये केलं होतं, तेही मर्लचं.

वेंडेल मागे उभा राहून बघत होता.

"ऑगस्टमध्ये," तो म्हणाला. "बरं दिसतंय. अर्लिसला फोन करून सांगू का, तो ऑफिसलाच येतोय म्हणून?"

लॉर्ना हसायला गेली आणि तिला एकदम रडूच फुटलं. वेंडेलने तिच्यापुढे कागदी रुमालांचा खोका ठेवला, मग आपणही त्यातला एक घेतला. मिनेसोटात दोन माणसं एकत्र रडली तर त्यांनी लगेच हवामानाबद्दल बोलायचं असतं. वाऱ्याची दिशा बदलली आहे, बर्फ लवकर पडेल, यावर दोघांचं एकमत झालं.

दुपारी तीनला यादी नीट जुळली. मर्लच्या ओळी एक लाख अठरा हजार चारशे सहा. लॉर्नाचा जीव भांड्यात पडला. आकडा पाटीवाल्याकडे गेला. ती यादी चालू करणार एवढ्यात ट्रिश म्हणाली, "थांब, थांब! आत्ता नको. उद्या अर्लिससमोर करूया. मोठ्या पडद्यावर तुझी नावं असतील, तू बटण दाबायचंस, आणि मर्लचं नाव येईल. पडदा बाजूला केल्यासारखं."

लॉर्नाला बटणं दाबायची हौस उरली नव्हती. पण नाही कसं म्हणणार?

शुक्रवारी अर्लिस आली ती लाल कोट घालून, हातात भोपळ्याच्या वड्यांचा मोठा ट्रे घेऊन. तिच्याकडच्या लोकांत दुःखाच्या ठिकाणी रिकाम्या हाताने जात नाहीत, मग ते दुःख आपलं स्वतःचं का असेना. सत्तरीची लहानखुरी बाई. प्रत्येकाला तिने नाव विचारलं, प्रत्येकाच्या हातात वडी ठेवली. लॉर्नाचं नाव ऐकल्यावर ती जरा थांबली.

"तू होय लॉर्ना!" ती म्हणाली. मग ती पुढच्या माणसाकडे वळली.

ट्रिशचं भाषण जरा लांबलं. मोठ्या पडद्यावर कोडचं एक पान लावून ठेवलं होतं, ओळींपुढे लॉर्नाचं नाव. लॉर्ना कीबोर्डशी उभी होती. ट्रिश म्हणाली, "आणि आता..." आणि फोन वाजला.

आधी बाहेरचा एक फोन, मग दुसरा, मग सगळेच. बारा वाजून चार मिनिटं झाली होती. हरणाच्या शिकारीचा हंगाम दोन आठवड्यांनी शनिवारी सुरू होणार होता, आणि त्या शनिवार-रविवारच्या केबिनांचं बुकिंग बाराच्या ठोक्याला उघडलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. आजवर नोव्हेंबरात ही कॅम्पग्राउंडं कुलूपबंद असत. गर्दी होईल म्हणून मालकांनी नियम केला होता, कुणालाही दोनपेक्षा जास्त रात्री द्यायच्या नाहीत.

परवा लागलेली पोरगी दारातून आत आली. "शिकारी फोनवर ओरडताहेत," ती म्हणाली. "शनिवारी यायचं, सोमवारी जायचं असं टाकलं की पान म्हणतं तीन रात्री होतात, मिळणार नाही. सगळ्यांनाच. कुणालाच केबिन मिळत नाहीये!"

मिनेसोटातला माणूस घर जळालं तरी आवाज चढवत नाही. पण शिकारीच्या पहिल्या दिवशी त्याला केबिन नाकारली तर तो वेगळा माणूस असतो. ट्रिशचा चेहरा उतरला. "सोमवारच्या त्या फॉर्मॅटरने काही मोडलं का? लॉर्ना, उघड बरं ते. इथेच उघड, मोठ्या पडद्यावर."

लॉर्नाने रात्री मोजणारी फाईल उघडली. खोलीतली सगळी माणसं पडद्याकडे बघू लागली. अर्लिससुद्धा, हातातला ट्रे सांभाळत.

दोष एका ओळीत होता आणि लॉर्नाला तो लगेच दिसला. येण्याच्या आणि जाण्याच्या वेळेत तास किती, त्याला चोवीसने भागायचं, वर काही उरलं तर एक रात्र जास्त धरायची. वर्षभर हे बरोबर येतं. पण नोव्हेंबरातल्या त्याच रविवारी घड्याळं एक तास मागे करायची असतात. तो दिवस पंचवीस तासांचा. तेवढ्या एका तासाची तिसरी रात्र झाली होती. नोव्हेंबरात कुणी राहायलाच येत नसल्यामुळे ही चूक अकरा वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती.

आणि त्या ओळीत त्या आकड्याला दिलेलं नाव होतं 'मुक्कामाच्या एकूण रात्रींची संख्या', असं लांबलचक, एक अक्षर न गाळता. फॉर्मॅटर स्पेस बदलतो, अर्धविराम बदलतो. माणसाने ठेवलेली नावं तो बदलत नाही. असं नाव या ऑफिसात एकच माणूस ठेवत असे. लॉर्नाने वेंडेलकडे बघितलं. वेंडेलचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानेही ओळखलं होतं.

यादी तयार होती. बोट बटणावर होतं. ते दाबलं असतं तर त्या ओळीपुढे, भिंतीएवढ्या अक्षरांत, मर्ल ओस्टबी असं आलं असतं. त्याच्या नावाच्या खोलीत, त्याच्या बायकोसमोर, बाहेर फोन ठणाणा करत असताना.

"ही ओळ कुणाची?" ट्रिशने विचारलं.

वेंडेलची नजर अर्लिसकडे गेली.

"माझी," लॉर्ना म्हणाली.

पडद्यावर नाव तिचंच होतं. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. ट्रिशने एक श्वास घेतला आणि मिनेसोटाच्या सगळ्या सभ्यतेनिशी म्हणाली, "हं. वेगळंच आहे."

"हो," लॉर्ना म्हणाली. "सात मिनिटं द्या मला."

ती खाली बसली. तास मोजायचे सोडून तिने कॅलेंडरवरच्या तारखा मोजल्या. दोन तारखांमध्ये घड्याळ काय वाटेल ते करो, रात्री तेवढ्याच राहतात. उद्या वाचायला बसणाऱ्या माणसाला कळावं म्हणून वर एक ओळ लिहिली, की नोव्हेंबरातला एक दिवस पंचवीस तासांचा असतो, जपून. नाव होतं तसंच ठेवलं, पूर्ण. सहा मिनिटांत झालं. बाहेरचे फोन एकेक करत थांबले. दारातली पोरगी म्हणाली, "मिळाल्या! केबिन मिळायला लागल्या!"

मग लॉर्नाने यादी चालू केली. पडद्यावर वरपासून खालपर्यंत मर्लचं नाव उतरत गेलं. मधली ती एक ओळ आणि तिच्यावरची टीप तेवढी लॉर्नाच्या नावावर राहिली, आणि आता ती खरोखरच तिची होती.

खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अर्लिस पडद्याजवळ गेली. तिला कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नाव कळत होतं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ वाचत राहिली. वेंडेल लॉर्नाशेजारी येऊन उभा राहिला.

"पाटीवरचा आकडा एकाने चुकला," तो हळूच म्हणाला.

"असू दे."

"असू दे," वेंडेल म्हणाला. आणि कुणालाही कधी हात न लावणाऱ्या त्या माणसाने तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

मग माणसं वड्या खायला पांगली. लॉर्ना कोपऱ्यात ताटली धरून उभी होती तिथे अर्लिस आली.

"मनाला लावून घेऊ नकोस, पोरी," ती म्हणाली. "होतात चुका. किती लवकर दुरुस्त केलीस! मर्ल घरी नेहमी तुझ्याबद्दल बोलायचा."

"काय म्हणायचा?"

"राग नाही ना येणार?"

"नाही."

"म्हणायचा, डोकं फार चांगलं आहे तिचं, पण घाई करते. नीट बघत नाही. एक दिवस ही पोरगी लोकांच्या सुट्टीची वाट लावेल." अर्लिसने तिच्या दंडावर हात ठेवला. "तेव्हा मी त्याला रागवायची. म्हणायची, असं बोलू नये कुणाबद्दल. पण बघ. अशी चूक त्याच्या हातून काही झाली नसती, नाही का?"

वेंडेल खिडकीशी जाऊन बाहेरच्या तलावाकडे बघू लागला.

"नाही," लॉर्ना म्हणाली. "त्याच्या हातून कधीच झाली नसती."

"म्हणजे त्याचं बरोबर होतं."

"हो. त्याचं बरोबर होतं."

अर्लिसचा सगळा चेहरा उजळला. "अगं, मग हे त्याला सांगायचं होतंस की! सहा वर्षं तो वाट बघत होता. किती खूश झाला असता."

"हो," लॉर्ना म्हणाली. "सांगायला हवं होतं."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. अर्लिसने गडबडून तिच्या ताटलीत आणखी एक वडी ठेवली.

"वेडी कुठली," ती म्हणाली. "एवढ्याशा चुकीसाठी रडतात का कुणी?"